म्यानात अडकलेला हुसार

१ मार्च
अखेर मिळाली! हुसार घोडेस्वाराची तलवार. निःसंशय हंगेरीच्या १८४८च्या क्रांतियुद्धातील. पाते म्यानात गंजून बसले आहे. विक्रेता म्हणाला, मास्तर, घेण्याआधी उपसून तरी बघा. जाणकारास वजन पुरते, असे त्यास सुनावले. दंतवैद्य बोदनारची तलवार गेली अकरा वर्षे म्युझियमच्या काचपेटीत मिरवते आहे. पंधरा मार्चच्या राष्ट्रीय दिनापासून तेथे माझी असेल.

४ मार्च
म्युझियमच्या संचालिका पिरोश्काबाईंची अट: समारंभात तलवार उपसून दाखवावी. त्यांच्या पत्रात व्याकरणाच्या दोन चुका. दुरुस्त करून परत धाडले. म्यानात रोज थेंबभर तेल सोडण्याचा संकल्प.

७ मार्च
अख्खी बाटली ओतली. पत्नी एतेल्का म्हणाली, अहो, तलवार उपसायची आहे की तळायची?

११ मार्च
बोदनार आला, न बोलावता. मी मूठ ओढली, त्याने म्यान ओढले. दोघेही जमिनीवर. म्हणतो, मास्तर, आत पाते आहे ना नक्की, की नुसतीच आशा? ज्याची तलवार कोणीही सहज उपसू शकतो, त्याने बोलू नये.

१५ मार्च, सायंकाळी
उपसली! साऱ्या गावासमोर. मुठीबरोबर वीतभर पाते आले. उरलेले आतच राहिले. कोणी मूर्ख ओरडला, कांदे चिरायला झकास! क्षणभरच गोंधळलो. मग गरजलो, की १८४९ साली विलागोशच्या शरणागतीत आपल्या हुसारांनी शत्रूच्या हाती देण्याऐवजी तलवारी मोडल्या, ही त्यांतलीच! टोप्या उतरल्या. पिरोश्काबाई रडल्या. बोदनारची तलवार काचपेटीबाहेर, माझी आत. अखंड तलवारी भित्र्यांच्याच असतात, हे त्यास मुद्दाम ऐकवले.

१६ मार्च
तेलाने काम केले. एक दिवस उशिरा. पिरोश्काबाईंनी म्यान तोंड खाली करून तिरके मांडले होते. भर गर्दीत उरलेले पाते घसरून बाहेर आले. त्यावर कोरले आहे: घोडदौड स्पर्धा, १९११, द्वितीय क्रमांक. बोदनार म्हणाला, तुमचा हुसार भलताच दूरदर्शी हो, मास्तर! तलवार घडायच्या बासष्ट वर्षे आधीच मोडून मोकळा झाला. लोक हसले. कोरलेल्या मजकुरात व्याकरणाची एकही चूक नाही, याकडे कोणाचेही लक्ष गेले नाही.

१८ मार्च
काचपेटी पुन्हा बोदनारकडे. मुठीकडचा तुकडा एतेल्काने स्वयंपाकघरात नेला. जेवताना तिने विचारले, अहो, डोळ्यांत पाणी का? कांदा, म्हणालो.
धार उत्तम आहे.