साडेआठचे दोन बाप

४ मार्च, सोमवार

पेपर टराटरा फाडला. मग परीक्षणाचा शेवटचा परिच्छेद वाचायचा राहिलाय हे लक्षात आलं, म्हणून कचऱ्याच्या डब्यातून तुकडे काढून ओट्यावर जुळवत बसले. माझंच मला हसू आलं, पण राग गेला नाही.

दोन मालिका एकाच वेळी लागतात म्हणून त्या समीक्षकाने त्यांना एका तागडीत तोललंय. आमची ‘काचेचं कुंपण’ आणि समोरच्या वाहिनीवरची ‘पलीकडची खोली’. ती म्हणे ‘लिहिलेली’ आणि आमची ‘भरलेली’. गादी आहे का ती! पुढे विचारतो, “‘दादा, तू माझा सख्खा मोठा भाऊ आहेस’ असं कुठला भाऊ भावाला सांगतो?” अरे बाबा, कुणी सांगत नाही हे मलाही कळतं! पण भाजी चिरता चिरता नुसतं ऐकणाऱ्या बाईलाही गोष्ट समजली पाहिजे, असा आमच्या वाहिनीचा नियम आहे. चार वर्षं मी हिचे संवाद लिहितेय. रोज एक भाग, अंगात ताप असला तरी. नावं ठेवायला याचं काय जातं!

शेवटी एक मेहेरबानी — “कुंपणातला बाप मात्र अस्सल आहे. तो आवाज चढवत नाही म्हणूनच त्याची भीती वाटते.” झालं! दुधाची तहान ताकावर.

५ मार्च

बाहेरचे परवडले, घरचं काय? आई माझ्याकडे राहायला आल्यापासून रोज साडेआठला ‘पलीकडची खोली’ लावून बसते. पोटच्या पोरीची मालिका सोडून! आजही तेच. मी आतल्या खोलीत उद्याचा भाग लिहितेय आणि भिंतीपलीकडून त्या मालिकेतल्या बापाचा आरडाओरडा.

विचारलं तर, “अगं, मला त्याचीच सवय झालीय.” सवय! आमचा एक भाग बघितला असता तर सवयीचं तरी पटलं असतं.

बाबांचं असं नव्हतं. माझे शाळेतले निबंध ते आल्यागेल्याला वाचून दाखवायचे. हळू, ठाय आवाजात. मी लेखिका झाले ती त्यांच्यामुळे. आईने एक तरी वाचला होता का, देव जाणे.

७ मार्च, गुरुवार

प्रेक्षकसंख्येचे आकडे आले. ते पुढे, आम्ही मागे.

लगेच फोनवालीचा निरोप. वाहिनीची ही मुलगी मी अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही, फक्त तिचा आवाज येतो. “मॅम, आपल्या फादरला जरा लाउड करू या ना! समोरचा बघा कसा ताटं फेकतो. आपला काय, पाहुण्यांसमोर बायकोकडे बघून ‘आपण नंतर बोलू हं’ म्हणतो आणि उठून जातो. मॅम, नंतर काय? प्रेक्षकांना दिसतच नाही!”

दिसत नाही म्हणूनच तर ते घाबरतात, बाई माझे! ‘हं’ किती गोड म्हणतो तो, त्यातच सगळं आहे. हे तिला कोण सांगणार? पालथ्या घड्यावर पाणी.

खरं म्हणजे ‘नंतर’ काय होतं ते मी लिहिलेलंच नाही. एकदोनदा बसले होते. हात पुढे सरकेना. म्हटलं, राहू दे, झाकली मूठ.

८ मार्च

आज मुद्दाम आईशेजारी बसून त्यांची मालिका बघितली. चिरफाड करायची म्हणून वही-पेन घेऊन.

दोन भाऊ. खिडकी लावायची की उघडी ठेवायची, यावरून वाद. घराच्या वाटणीचा एक शब्द नाही, आणि वाटणीच चाललीय हे शेंबड्या पोरालाही कळावं! शेवटी धाकटा नुसता उठतो आणि खिडकीची कडी लावतो. माझा असा जळफळाट झाला! मला चौथ्याच वाक्याला ‘हे घर आपल्या दोघांचं आहे’ लिहावं लागलं असतं. लिहावं लागलं असतं की आता मला तेवढंच येतं? हा विचार नको.

पण दोष आहेत! त्यांच्यात कुणी कधी कामाला जात नाही. बायका सगळ्या शहाण्या, तोंड उघडलं की सुविचार. आणि तो बाप! कपाळाच्या शिरा फुगवून थयथयाट, दर भागाला एक ताट भिंतीवर. मी आईला म्हटलं, “असला बाप कुठे असतो का गं? याला लिहिणं म्हणतात?”

“नसतोच,” आई म्हणाली. “म्हणून तर बरं वाटतं बघायला.”

वही मिटली.

१० मार्च

आमचा बाप करणाऱ्या नटाचा फोन. दुकानात एका बाईने त्यांना बघितलं, हातातलं सामान तिथेच ठेवलं आणि मुलीचा हात धरून निघून गेली. बिचारे हसत सांगत होते, पण आतून हललेले. “तुम्हाला हा माणूस सुचतो तरी कुठून हो?”

सुचतो, म्हटलं. या आठवड्यातला एवढा एकच फोन गोड लागला.

१२ मार्च

फर्मान! एक तासाचा विशेष भाग, त्यात ‘नंतर’ दाखवायचं. दार बंद, मग आरडाओरडा, ताट. “मॅम, जमत नसेल तर दुसऱ्या रायटरकडून करून घेऊ.” चार वर्षांनी हे ऐकायचं! माझा माणूस ताट फेकणार? मेले तरी नाही. रागारागातच लिहायला बसले.

आणि एका बैठकीत उतरलं. एक खाडाखोड नाही. तो खुर्चीत बसतो. तिला समोर उभं करतो. दिवसभरातल्या तिच्या चुका तिच्याच तोंडून मोजायला लावतो. एखादी राहिली की पुन्हा पहिल्यापासून. आवाज इतका हळू की ऐकायला तिला वाकावं लागतं.

पाठवून दिलं. घ्या, नाहीतर काढून टाका मला!

१३ मार्च

घेतलं! “मॅम, अंगावर काटा आला.” येणारच. ये म्हणावं त्या समीक्षकाला आता.

२२ मार्च, शुक्रवार

आज लागला तो भाग. मी आईच्या हातातून रिमोट घेतला. म्हटलं, आज माझी बघायची. काही ऐकणार नाही. ती बसली. हात मांडीवर, शाळेतल्या पोरीसारखी.

बाप खुर्चीत बसला. बायको समोर उभी राहिली. तिने पहिली चूक सांगितली, दुसरी सांगितली, आणि आई उठली. भिंतीवरचं बटण खट्‌कन बंद केलं.

मग माझा तोल गेला. चार वर्षांचं सगळं बाहेर पडलं. नको ते बोलले. “कुणाची आई अशी असते का? लोक नावाजतायत आणि तुला दहा मिनिटं बघवत नाही! बाबा असते तर त्यांनी एक भाग चुकवला नसता!”

“हो,” आई म्हणाली. “त्यांना आवडली असती.” आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

एवढंच! ना राग, ना रडणं. उद्यापासून मीही बोलणार नाही. बघू कोण हरतं.

२३ मार्च

सकाळी चहा टाकत होते. आई मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, “मला उभं करून चुका मोजायला लावायचे, हे तुला कुणी सांगितलं? तुला गाढ झोप लागल्याशिवाय मी त्यांच्या खोलीत जातच नव्हते.”

कुणी नाही, म्हटलं. मला वाटलं, मी रचलं.