ताईची लय

१७ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय ताई,

कशी आहेस? मामींचा गुडघा काय म्हणतोय? पडद्यांच्या दुकानात तुझा जम बसला का? मी मजेत. ढोलाच्या पट्ट्याने खांदा काचलाय, तेवढं सोडलं तर ठणठणीत.

बँडचा शनिवार-रविवारचा दौरा झाला. शेजारची दोन गावं, एक खडखडती बस, मागच्या सीटवर ट्यूबाचं पितळी धूड आडवं झोपलेलं आणि निम्मी माणसं उभी. दर वळणाला शिंपीकाका ओरडायचे, "माझ्या लेकराला धरा रे!" एकदा ट्यूबाऐवजी तेच घरंगळले.

मागच्या पत्रात तू बजावलं होतंस, "त्याचं नाव काढू नकोस आणि माझ्यासाठी काही करायलाही जाऊ नकोस." पहिलं तरी पाळायचं ठरवून लिहायला बसले होते. नाही जमत. बँड तो चालवतो, म्हणून तोंडावर मी तुझ्या नवऱ्याला अजून 'मास्तर' म्हणते, अहो-जाहो करते. पत्रात तेही जमणार नाही.

शनिवारी गिरणीच्या मैदानात वाजवलं. शेवटी तुझी चाल. हो, तो अजून तीच वाजवतो. कॉर्नेट फुंकायला पुढे येतो, आमच्याकडे पाठ फिरवतो आणि लोकांना सांगतो, आता जरा भावपूर्ण ऐका. भावपूर्ण कसलं डोंबलाचं! बोटं पळत नाहीत म्हणून रांगत नेतो. तू ती वाजवायचीस तेव्हा ढोल बडवताना मला धाप लागायची. आता दोन ठोक्यांच्या मध्ये माझी जांभई देऊन होते.

कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी पुढे आली. "मागे एक बाई वाजवायची ना हे? ती कुठंय?"

तो हसत म्हणाला, "तिला कंटाळा आला. सोडून दिलं तिने."

कंटाळा! आजाराने तुझं तोंड एका बाजूला गेलं, महिनोन्‌महिने आरशासमोर बसून तू ओठ पुन्हा वळवलेस, आणि तालमीला आलीस तेव्हा याच माणसाने तुला सगळ्यांपुढे उभं करून ही चाल वाजवायला लावली. ओठांच्या कोपऱ्यातून हवा निसटली तसा म्हणाला, "पुरे. गळक्या नळातून काय सूर निघणार?" दोघंतिघं हसलेही. त्याच आठवड्यात तू बॅग भरून मामांकडे निघून गेलीस, आणि हा म्हणे कंटाळा.

रविवारी सकाळी बसमध्ये मी शिंपीकाकांशेजारी जाऊन बसले. म्हटलं, "काका, आज शेवटच्या चालीला त्याच्याकडे नका बघू. माझ्या काठीकडे बघा."

ट्यूबा पुसायचं फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "लय कुणाची?"

"ताईची."

"मग दुपारी कमीच जेवतो. दम पुरायला हवा."

बस पोचेपर्यंत ही गोष्ट मागच्या सीटपासून पुढच्या सीटपर्यंत गेली होती. त्याच्यापर्यंत तेवढी गेली नाही.

बागेतला चौथरा, तुडुंब गर्दी, पहिल्या रांगेत गावातली बडी मंडळी. त्याने पाठ फिरवली, कॉर्नेट ओठांना लावलं, आणि मी तुझी लय धरली. अख्खा बँड माझ्यामागे धावत सुटला. त्याने मान वळवून डोळे वटारले. मी गोड हसले. त्याला थांबता येईना, आम्हाला गाठता येईना. एक सूर गिळला, मग चारपाच एकदम, मग नुसतं फुर्र. कुणीतरी खिदळलं आणि मग सगळी बाग हसायला लागली. खरं सांगू? शेवटी शेवटी मी तुझ्यापेक्षाही थोडी जास्तच पळवली. त्याच्या हातातलं कॉर्नेट खाली आलं, मान लालबुंद झाली. चाल आम्ही त्याच्याशिवाय पुरी केली आणि टाळ्याही घेतल्या.

इतकं बरं वाटलं की लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

इथेच पत्र संपवणार होते. सही करायला गेले आणि पेन खाली ठेवलं. एक गोष्ट राहिलीय.

परतताना बस डिझेलसाठी थांबली तेव्हा तो माझ्याजवळ आला. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण आवाज अगदी बारीक. "तिने सांगितलं होतं तुला हे करायला?"

'नाही, माझंच डोकं' म्हटलं असतं तर काय झालं असतं? आगाऊ मेहुणी म्हणून मला बँडमधून काढलं असतं आणि रात्री निवांत झोपला असता. मी म्हटलं, "हो. तिनेच सांगितलं. लय किती ठेवायची तेसुद्धा."

त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास, ताई. बागभर हशाने झालं नव्हतं ते त्या एका 'हो'ने झालं. इतके दिवस तो धरून चालला होता की तू कुठेतरी कोपऱ्यात डोळे पुसत बसली असशील.

गुरुवारी तुझ्या दुकानात येतोय म्हणाला, खरं-खोटं करायला.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पटकन म्हणशील, "छे, मी कशाला सांगेन?" तसं म्हणालीस तर खोटारडी मी ठरेन, त्याचं मला काही नाही. पण तो हलका होऊन घरी जाईल, ते मला सोसायचं नाही. म्हणून हात जोडून मागते. हातातलं कापड कापता कापता, मान वर न करता, त्याला फक्त 'हो' म्हण. पुढे एक शब्द बोलावा लागणार नाही.

तुला न विचारता तुझ्या नावाने ढोल बडवून आलेली,
तुझी धाकटी