चारशे बारावी खुर्ची

तीर्थरूप आत्या,

दुरूनच पायांना हात लावून नमस्कार. जवळून लावायची हिंमत का होत नाही, ते पत्र शेवटपर्यंत वाचलंस की कळेल. (शेवटपर्यंत म्हणजे सहीपर्यंत नव्हे, त्याच्याही खाली. तुला सही दिसली की कागद घडी करून ठेवायची सवय आहे म्हणून आधीच सांगतो.)

तुझे गुडघे कसे आहेत? ताईच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त झाली का? झाली नसेल तर चार मजले उतरण्याचा हट्ट करू नकोस, दाजींना भाजी आणू दे, त्यांचंही पोट थोडं आत जाईल. आम्ही सगळे इकडे मजेत आहोत. ऑपरेटरकाकांचा खोकला पिक्चरमधल्या हळव्या प्रसंगालाच बरोबर वर येतो, तो तसाच आहे. तिकीटखिडकीवर तुझ्या जागी सध्या तुझी भाचेसून बसते. कामाला चोख आहे, पण बाई फार खरं बोलते. गिऱ्हाइकाने कौतुकाने विचारावं, की पिक्चर कसा आहे हो, आणि हिने खिडकीतून त्याला नीट निरखून सांगावं, तुम्हाला नाही आवडणार. परवा एका जोडप्याला तिने असंच परत पाठवलं. वर मला म्हणाली, आशीर्वाद देऊन गेले. आशीर्वाद मिळाले, दोन खुर्च्या गेल्या.

आता उन्हाळ्याची हकिगत. हा उन्हाळा आपल्या थिएटरच्या छातीवर बसला आहे. तू इथे असेपर्यंतचं तुला माहीतच आहे, पण वितरकाचा नवा माणूस त्या दिवशी येऊन बसला आणि विचारू लागला, की ग्रह फुटतो तो पिक्चर तुम्ही चार आठवडे ठेवतो म्हणून कशाच्या जोरावर लिहून दिलंत? मी म्हटलं, आमची आत्या झोपली होती. त्याने पेन खाली ठेवलं. मग मला त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं: की एकतीस वर्षं आमच्याकडे हीच पद्धत आहे, शुक्रवारी पहिल्या खेळाला तिकीटखिडकी बंद करून आत्या शेवटच्या रांगेत दाराजवळच्या खुर्चीत बसते, डोळ्यांवर रुमाल टाकते, आणि झोपते. ती अर्ध्या तासात उठून बाहेर आली तर पिक्चर रविवारपर्यंतसुद्धा टिकत नाही. मध्यंतरापर्यंत झोपली तर दोन आठवडे. आणि मध्यंतराची घंटा, पॉपकॉर्नची रेटारेटी, सगळं होऊनही रुमाल हलला नाही तर चार आठवडे डोळे झाकून लिहून द्यायचं. एकतीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. त्या बिचाऱ्याने पेन पुन्हा उचललं. मग त्याने विचारलं, हे वर ऑफिसला मी काय म्हणून कळवू?

ग्रहाच्या पिक्चरला तू सुरुवातीच्या नावांच्या पाट्या पडायच्या आत झोपलीस ती शेवटी दिवे लागेपर्यंत. आपण सगळे खूश. ऑपरेटरकाकांनी तर खोकायचंसुद्धा आवरतं घेतलं, तुझी झोप मोडायला नको म्हणून. त्या चार आठवड्यांपायी बोलणाऱ्या अस्वलाचा पिक्चर आपण समोरच्या पाच पडदेवाल्यांना हसत हसत सोडला. मग पुढे काय झालं ते तू खिडकीतून पाहिलंसच. पेपरात रोज चौकट, की जगभर विक्रम मोडले, आणि आपल्याकडे दुसऱ्या मंगळवारी दुपारच्या खेळाला सात माणसं. त्या सातांतला एकजण पिक्चर बघायला आलाच नव्हता, तो मीटर बघायला आलेला विजेच्या ऑफिसातला माणूस होता आणि गारवा बरा वाटला म्हणून थांबला होता. ग्रह फुटला तेव्हा तो फक्त एवढंच म्हणाला, की तुमची पश्चिमेची लाइन फार तापते. शेवटी हातापाया पडून तो पिक्चर दोन आठवड्यांत उतरवला.

आणि मग तो पाणबुडीचा. त्याबद्दल मी लिहिणार नव्हतो, पण लिहितो. शुक्रवारचा बाराचा खेळ होता. तू मध्यंतरातही हलली नाहीस, मी आनंदाने बाहेर फेऱ्या मारत होतो. दिवे लागले, तू रुमाल बाजूला केलास, आणि समोर चारशे अकरा खुर्च्यांत नऊ माणसं. तू मला विचारलंस, लोक कुठे गेले रे? मी म्हटलं, मध्यंतरातच गेले. तू उठलीस. बॅटरी आणि किल्ल्यांचा जुडगा तिकीटखिडकीवर ठेवलास, आता मला माणसं कळेनाशी झाली, एवढंच म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवशी लेकीकडे, ताईकडे गेलीस. आत्या, तू मला लहानपणी कितीदा रागावली आहेस, कान धरून अख्ख्या लॉबीत फिरवलं आहेस, पण त्या जुडग्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. थप्पड दिली असतीस तर बरं झालं असतं.

तू गेल्यावर तिसरा पिक्चर आला, दोन भावांच्या सुडाचा. ठरवायला कोणीतरी हवंच, म्हणून तुझ्या खुर्चीत मी बसलो. (माफ कर. रुमालही घेतला होता, पण माझाच.) रक्त तर एकच आहे, थोडं तरी उतरलं असेल अशी आशा होती. उतरलं आहे. ऑपरेटरकाकांनी हलवून उठवलं तेव्हा पडद्यावर काही नव्हतं आणि खुर्च्यांतही. झोप तर लागली, म्हणून मी घाईघाईत तीन आठवडे कळवून टाकले, पिक्चर चौथ्या दिवशी उतरला. वितरकाच्या माणसाने आता साफ सांगितलं आहे, की या शुक्रवारी उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा आणि शेवटचा पिक्चर देतो, शनिवारी संध्याकाळपर्यंत आठवडे कळवा, आणि या वेळीही घोळ घातलात तर पुढच्या वर्षीपासून मोठे पिक्चर समोरच्यांकडेच. पण तू काळजी करू नकोस. परत ये असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. तुला आरामाची गरज आहे, एकतीस वर्षं खूप झाली, आम्ही आता मोठे झालो आहोत, माझं मला कळतं. दरम्यान अस्वल समोरच्यांकडचं आटपून आपल्याकडे आलं आहे आणि बरं चाललं आहे. एकूण सगळं ठीक आहे.

ताईला आणि दाजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा भाचा

ता. क. १ : तेलाचा विषय निघालाच आहे, तर सांगून टाकतो. मार्चच्या शेवटी तू म्हणाली होतीस, की हल्ली घरी नीट झोप लागत नाही. मला वाटलं, निदान थिएटरात तरी बाईला सुखाने झोपू द्यावं. आपल्या खुर्च्या किती कुरकुरतात ते तुला माहीत आहे. कोणी नुसता पाय बदलला तरी अख्ख्या रांगेला कळतं. म्हणून मी शेजारच्या गॅरेजवाल्याकडून तेल आणलं आणि तीन दुपारी खपून एकूण एक खुर्चीच्या दोन्ही बिजागऱ्यांना घातलं. आठशे चोवीस बिजागऱ्या, आत्या. तुझी भाचेसून म्हणाली, लग्नानंतर तुम्ही पहिलं उपयोगी काम केलंत. तुला सांगायचं नव्हतं, गंमत म्हणून. नंतर सांगायचं नव्हतं, भीती म्हणून.

हे सगळं माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. तू गेल्यावर आठवड्याने आपले ते निवृत्त मास्तर, जे प्रत्येक पिक्चरचा पहिला खेळ बघतात आणि प्रत्येक वेळी पैसे परत मागतात, बाहेर येऊन तक्रार करू लागले. म्हणाले, तुमच्या थिएटरात आता कुरकुर होत नाही, त्यामुळे पिक्चर रटाळ आहे हे माणसाला फार उशिरा कळतं. मी तिथेच पायरीवर बसलो. लोक रंगले की हलत नाहीत. कंटाळले की पाय बदलतात, मागे रेलतात, घड्याळ बघायला वाकतात, आणि खुर्च्या वाजतात. बाळ कुरकुरलं की उठणारी आई ढगांच्या गडगडाटाने उठत नाही, तशी तू. घंटेला उठली नाहीस, पडद्यावरच्या बंदुकांना उठली नाहीस, उठलीस ती फक्त माणसं अस्वस्थ झाली की. ती कुरकुर एकतीस वर्षं आम्ही सगळेच ऐकत होतो आणि आम्हाला नुसता आवाज ऐकू येत होता. तुला ती झोपेत कळायची. तुला माणसं कळेनाशी झालेली नाहीत, आत्या. मी तुझ्या कानांत बोळे घातले. चूक माझी आहे, सगळीच्या सगळी, आणि हे पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं.

ता. क. २ : तेल काढलं आहे. मी, तुझी भाचेसून आणि ऑपरेटरकाका, तिघांनी रॉकेलच्या चिंध्या घेऊन पाच सकाळी घासलं. थिएटरात दोन दिवस इतका वास होता, की लोकांना वाटलं पिक्चरमध्ये आग आहे त्याचा परिणाम म्हणून सोडला आहे. मास्तरांना चाचणीला बसवलं. त्यांनी पाय बदलला, मागे रेलले, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, उत्तम, असह्य आहे. (पैसे तरीही परत मागितले.) तुझी भाचेसून म्हणते, ते उपयोगी काम तिने परत घेतलं आहे.

ता. क. ३ : काल ताईचा फोन आला होता, तुला कळू न देता. म्हणाली, आई दुपारभर टीव्हीसमोर टक्क जागी बसते, जरा पड म्हटलं तर म्हणते, आता झोपून काय करू. तेव्हा परत ये असं सांगायला पत्र लिहीत नाही असं मी वर लिहिलं आहे ते खोडलेलं समज. मी खोडलं असतं, पण कागद खराब दिसला असता. आम्ही मोठे झालो आहोत तेही खोड. शुक्रवारचा पहिला खेळ बाराला आहे. गुरुवारी सकाळी मी गाडी घेऊन खाली उभा राहतो, लिफ्ट बंद असली तर चार मजले तुला धरून उतरवतो.

ता. क. ४ : अस्वल बरं चाललं आहे असं लिहिलं, तेही तितकंसं खरं नाही. रविवारी तीनच्या खेळाला रांग गॅरेजच्या पुढे गेली होती. तेल काढलेलं असूनही दोन तास एक खुर्ची वाजली नाही. ऑपरेटरकाका दर दहा मिनिटांनी ‘बोर्ड लावू का’ म्हणून विचारत होते, कारण हाउसफुल्लचा बोर्ड या उन्हाळ्यात एकदाही पेटीबाहेर आलेला नाही. मी लावू दिला नाही. एक जरी खुर्ची रिकामी असली तरी बोर्ड लावायचा नाही, लोकांशी खोटं बोलायचं नाही, हे तूच मला शिकवलं आहेस. चारशे अकरा भरल्या होत्या. चारशे बारावी मागायला बाहेर माणसं भांडत होती, तुझी भाचेसून सगळ्यांना खिडकीतून एकच सांगत होती, की ती खुर्ची रिकामी नाही, तिथली बाई जरा बाहेर गेली आहे.