कोरडी चादर

३ जून १९९६
पुन्हा ओली! दहा वर्षांची घोडी. आज शाळा उघडली, नवा परकर, नवी पुस्तकं — आणि अंगाखाली तीच ओली चादर. आज ती परसात नाही, रस्त्याकडच्या कठड्यावर वाळत घातली. साईप्रिया म्हणाली, "अम्मा, तिथं नको. वर्गातली धनलक्ष्मी याच वाटेनं येते." येऊ दे की. माणूस लाजेनं सुधारतो. हे मी किती व्यासपीठांवरून सांगितलंय. माझ्या लेकीला वेगळा न्याय कशाला?

७ जून
माझे यजमान सेतुराम मला न विचारता तिला श्रीकरकडे घेऊन गेले. श्रीकर त्यांचा आत्तेभाऊ. अमेरिकेत पाठीच्या कण्याची विद्या शिकून आलाय, दारावर पाटी — 'कायरोप्रॅक्टर'. सुई नाही, गोळी नाही, हातानं मणके दाबायचे. कमरेचे मणके जागेवर आले की मूत्राशयाच्या नसा ताळ्यावर येतात म्हणे.
कॉलेजातला तास संपवून मी थेट तिथं गेले. म्हटलं, पुरावा दाखव.
"वहिनी, पक्का पुरावा नाही. काही पोरांना गुण आल्यासारखा वाटतो. बरीचशी वयानं आपोआपच थांबतात."
"मग दाबतोस कशाला?"
"तिला यायला आवडतंय. डॉक्टरांनाही एकदा दाखवा. आणि तुम्ही तेवढं बोलणं सोडा."
मला उपदेश! स्वतःच्या विद्येवर विश्वास नाही त्यानं दुकान मांडू नये.

११ जून
ओली.

१२ जून
जेवताना सेतुराम ताटाकडे बघत म्हणाले, "मी बारा वर्षांचा होईपर्यंत करत होतो. आईनं कुणाला कळू दिलं नाही."
"म्हणूनच अजून चार माणसांत तुमचा आवाज फुटत नाही," मी म्हटलं.
ते सांबारभात कालवत राहिले. साईप्रियाही. दोघं एका साच्यातली — बोल लागला की मान खाली.

१६ जून
आज पट्टिमन्ड्रम, इकडची आवडती तमिळ वादसभा. विषय: परदेशी माल आल्यानं घर सुधारलं की बिघडलं? मी 'बिघडलं'च्या बाजूची. सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. कोला झालं, परदेशी वाहिन्या झाल्या — लोक ऐकत होते, पेटत नव्हते. समोरच्या बाजूचे रघोजी मास्तर आधीच हशा वसूल करून बसलेले. शेवटचं मिनिट. आणि मला ते सुचलं.
"लांब कशाला, माझ्याच घरात या. पोरगी अंथरूण भिजवते, आणि बाप तिच्या पाठीची हाडं मोडून घ्यायला अमेरिकेच्या दारात रांगेत उभा! नळ गळतो म्हणून भिंत ठोकणारा गवंडी कुणी पाहिलाय का?"
सभागृह कोसळलं. निकाल देणारे अध्यक्ष डोळे पुसत होते. निकाल आमच्या बाजूनं. असा टाळ्यांचा कडकडाट कित्येक दिवसांत नव्हता.
साईप्रिया पहिल्याच रांगेत होती. शेजारी धनलक्ष्मी आणि धनलक्ष्मीची आई. परतताना ऑटोत साईप्रिया बापाच्या कुशीत शिरून बसली. मी विचारलं, भाषण कसं झालं? मराठीत विचारलं की ती तमिळमध्ये उत्तर देते. म्हणाली, "सगळे हसले, अम्मा."

१७ जून
कोरडी!

१९ जून
कोरडी. कालही कोरडी. श्रीकरकडे जाणं बंद केलं. त्याला फोनवर सांगितलं, "तुझे मणके तुझ्यापाशी ठेव. माझ्या एका वाक्यानं काम झालं."
त्यानं एवढंच विचारलं — "पोर काय म्हणते, वहिनी?"
"म्हणायचंय काय? कोरडी आहे."
सेतुराम माझ्याशी बोलत नाहीत. त्यानं काही अडत नाही.

२३ जून
अख्खा आठवडा कोरडा. चादरीला सुरकुतीसुद्धा नाही. टापटीपही आली म्हणायची. लाड करून पोरं पांगळी होतात. पुढच्या महिन्यात पापनाशमला भाषणाला बोलावलंय. तिथं हाच दाखला द्यायचा — घरचा, डोळ्यांसमोर घडलेला. यापुढे कोण बोलेल?

२६ जून
शाळेनं बोलावून घेतलं. साईप्रिया आठवडाभर वर्गात पेंगत होती, आज बाकावर गाढ झोपली — आणि भर वर्गात बाक भिजला. तिच्या बाई, नागलक्ष्मी, माझ्यासमोर तिला विचारत होत्या, "रात्री झोपत नाहीस का, कण्णा?"
"बसून राहते, मिस. झोपलं की होतं."
मी म्हटलं, चल घरी. ती बाईंच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.