उद्याचा बुधवार

चिंचवड,
मंगळवार, १२ फेब्रुवारी १९५७

प्रिय शालन,

आशीर्वाद नंतर देते. आधी एवढं वाच आणि मनात पक्कं कर. उद्या सकाळी रुक्मिणीच्या पोटाला हात लावायचा नाही. एरंडेल गरम करायचं नाही, बेंबीवर दिवा ठेवून तांब्या पालथा घालायचा नाही. हा कागद तुझ्या हातात देऊन सोनबा दारातच थांबेल. तो बटाटे भरायला रिकामा ट्रक घेऊन चाकणला येतोय, पण बटाट्यांच्या आधी मी त्याला तुमच्या दारी पाठवतेय. चारला निघतो म्हणाला, म्हणजे माझ्या हाताशी तासभर आहे. टपालात टाकलं असतं तर गुरुवार उजाडला असता, आणि तुझा बुधवार तर उद्यावर आलाय.

तुझं रविवारचं पत्र आज दुपारी मिळालं. काय तो थाट! अंबूबाईंनी चारचौघींत तुझं कौतुक केलं, 'आमच्या सुनेच्या हाताला गुण हाय,' म्हणाल्या, हे तू दोन वेळा लिहिलंस. सासूच्या तोंडून कौतुक ऐकायला मिळणं सोपं नाही, मला कळतं. पहिलं पान वाचताना मी हसत होते. तुझी नणंद रुक्मिणी संक्रांतीला माहेरी आली ती परत जायचं नावच काढत नाही, काम सांगितलं की पोट धरून बसते, हेही वाचून हसले. मग दुसरं पान उलटलं. तिला पाळी चुकून दोन आठवडे झाले होते, सगळ्या मनातल्या मनात बारशाची तयारी करत होत्या, आणि आता चार दिवस थोडं थोडं रक्त लागतंय. ओटीपोटात उजव्या अंगाला कळ येते. उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते. बेंबी सरकली म्हणून तू रविवारी हलक्या हाताने चोळलंस, बुधवारी उपाशीपोटी जोर लावून चोळणार आहेस. आणि शेवटी तू थट्टेनं लिहिलंस की या बाईचं पोट दुखतं तर दुखतं, वर खांदाही दुखतो म्हणते, म्हणजे काम टाळायचं निमित्त बघ. शालन, ते वाक्य वाचल्यावर मी पत्र हातात घेऊनच दवाखान्यात धावले.

हा हात तुला मीच दिला, नाही का. तू पायाळू जन्मलीस, म्हणून उसण भरलेली माणसं तू सहा वर्षांची असल्यापासून पाठीला तुझा पाय लावून घ्यायला येत. तू त्यांच्या पाठीवर उभी राहून खिदळायचीस. तिथवर ठीक होतं. पण तू बारा वर्षांची झालीस आणि मी तुझा अंगठा धरून माझ्याच बेंबीवर दाबला. ठोका लागला का, लागला तर नेमका कुठे, वर गेलाय की बाजूला, हे शिकवलं. रविवार आणि बुधवार सोडून चोळायचं नाही, उपाशीपोटीच चोळायचं, तेल कोमट हवं, सगळं शिकवलं. आपल्या घरातल्या बायकांचा मान त्यावर होता. चिंचवडपासून थेरगावापर्यंत कुणाचं पोट दुखलं तरी सावित्रीबाईला बोलवा म्हणत, आणि मीही पदर खोचून तोऱ्यात जायचे.

तो तोरा उतरला दवाखान्यात. पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले, बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसं आली, त्यांच्यासाठी दवाखाना निघाला आणि तीन वर्षांपूर्वी मी तिथे आया म्हणून लागले, हे तुला ठाऊक आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई, दुर्गाबाई, बोलायला फटकळ. पहिल्याच आठवड्यात एक पोरगी पोट धरून आली. मी आपलं सांगून टाकलं की बेंबी सरकलीय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी केरसुणी घेऊन बाहेर गेले. नंतर मात्र त्यांनीच मला शेजारी उभं करून शिकवलं. बाईच्या ओटीपोटात एका भिंतीला टेकून चार बिऱ्हाडं राहतात म्हणे, रडतंय कोण हे बाहेरून कळत नाही. कधी नुसती पाळीची कळ असते, गरम पाण्याची पिशवी घेतली की जाते. लघवीला जळजळ असेल तर दुखणं वेगळं, औषध वेगळं. आधी बेंबीपाशी दुखून मग उजवीकडे उतरलं, ताप आला, उलटी झाली, तर आतड्याचं शेपूट सुजलेलं असतं, त्याला एरंडेल दिलं की ते फुटतं. अंडाशयावर गाठ असली तर ती पीळ खाते आणि बाई गडाबडा लोळते. बाळंतपणानंतर आत पू धरतो तेही आहेच. पोटाला हात लावायच्या आधी दुर्गाबाई दहा प्रश्न विचारतात. मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारला होता, आज वार कोणता.

दोन वर्षांपूर्वी एका कामगाराची बायको आणली. लातूरकडची, वीस-एकवीसची असेल. पाळी चुकलेली, थोडा डाग, एका बाजूला कळ, चेहरा पिठासारखा पांढरा. दुर्गाबाईंनी तिला विचारलं, खांदा दुखतो का? ती हो म्हणाली आणि माझ्या हातातून भांड्यांचा ट्रे पडला. बाईंना वाटलं मी घाबरले. त्यांनी तिला कारखान्याच्या गाडीतून तडक पुण्याला नेलं, ऑपरेशन झालं, बाई वाचली. परत आल्यावर त्यांनी मला समजावलं. कधी कधी गर्भ पिशवीत न राहता बाजूच्या नळीत राहतो. नळी ती केवढी, दीड-दोन महिन्यांत फुटते. रक्त बाहेर फार दिसत नाही, ते आत पोटात साठतं, आणि ते वर चढलं की खांदा दुखतो. ठणठणीत खांदा दुखतो, शालन. अशा पोटावर जोर लावला तर काय होईल, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. तेव्हापासून मी एकाही पोटाला हात लावला नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगते सगळ्यांना. तुला मात्र थांबवलं नाही, कारण थांबवायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

रुक्मिणीला सोनबाच्या ट्रकमधून पुण्याच्या इस्पितळात न्यायचं, कोणतं ते मी त्याला सांगितलंय. आता अंबूबाईंचं. त्या लेकीला ट्रकमध्ये बसू द्यायच्या नाहीत. व्याह्यांना कळवल्याशिवाय कसं न्यायचं, असं म्हणतील, आणि सुनेच्या हाताचा गुण असताना दवाखाना कशाला, असंही. तू वाद घालू नकोस. सरळ सांग की मला कावळा शिवला, चार दिवस हात लावता येत नाही. खोटं मी माझ्या अंगावर घेते. पण तेवढ्यावर थांबलीस तर त्या सकाळी खेडहून दुसरी चोळणारी आणतील, तिचा हात तुझ्याहून जड असेल. म्हणून आजच निघायचं, सोनबाबरोबरच. रुक्मिणीला चालवू नका, गोधडीवर उचलून ठेवा, वाटेत खायला-प्यायला काही देऊ नका. एवढ्यानंही अंबूबाई ऐकल्या नाहीत तर त्यांना हा कागद वाचून दाखव, पुढचं सगळं. माझी लाज राखायची गरज नाही. मी तिकडे येत नाही, कारण दुर्गाबाईंची चिठ्ठी घेऊन मी आत्ताच्या गाडीने पुण्याला पुढे जातेय. दिवेलागणीला इस्पितळाच्या फाटकात उभी असेन. रक्त लागलं तर माझं जुळतं का ते बघणार आहेत.

आता तुझी आई. तू दीड वर्षाची असताना ती तापाने गेली, असं मी तुला सांगत आले. इंद्रायणी तापाने गेली नाही. तिलाही दुसऱ्या वेळी दिवस गेले होते, चाळीसेक दिवस झाले असतील, आणि उजवीकडे कळ येत होती. तो बुधवारच होता. मी तिला अंगणातल्या उन्हात निजवून चोळायला घेतलं. ती म्हणाली, 'अक्का, पोट ऱ्हाऊ दे, माझा खांदा का गं दुखतोय?' मी हसले. दोन हंडे आणलेस म्हणून नखरे करतेस, म्हणाले. ती बस कर, बस कर म्हणत होती आणि मी आणखी जोर लावला, कारण ठोका जागेवर येत नव्हता. मग ती एकदम शांत झाली. दुखायचं थांबलं म्हणाली. मला काय आनंद झाला, शालन! मी हात पुसत शेजारणीला सांगायला गेले. परत आले तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते आणि तू तिच्या कुशीत शिरून दूध शोधत होतीस. बैलगाडीने स्टेशन, तिथून आगगाडीने पुणे. डॉक्टरांनी मला विचारलं, पाळी चुकली होती का, पोट कुणी चोळलं का. मी दोन्हीला नाही म्हणाले. खरं सांगितलं असतं तर ती वाचली असती का, मला माहीत नाही, अठरा वर्षं झाली, माहीत नाही. तुझ्या बापूंनी तुला माझ्या ओटीत घातलं, कारण माझ्या हाताला गुण आहे असं त्यांनाही वाटत होतं. माझा राग कर, तोंड बघू नकोस, तो तुझा हक्क आहे, पण ते सगळं गाडीत बसल्यावर. फाटकात मी दिसले तर माझ्याशी बोलत थांबू नकोस, तिला आत घेऊन जा. आणि आत डॉक्टरांनी विचारलं की पोट कुणी चोळलं, तर खाली बघू नकोस. मी चोळलं, रविवारी, एवढं म्हण. मला ते म्हणता आलं नाही.

तुझीच,
तुझ्या आईची अक्का,
सावित्रीमावशी