कॅप्टनची सहावी पेटी

सर,

तुम्ही गेलात त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. शोकसभेत मी तुमच्याबद्दल चांगलं बोलले होते. आज तसं जमणार नाही.

दोन हजार तीनचा हिवाळा. मी नागपूरहून शिकागोजवळ लायब्ररी सायन्स शिकायला आलेली, आणि तुम्ही युनिव्हर्सिटीच्या अभिलेखागाराचे प्रमुख, तीस वर्षं इथे काढूनही मराठीतच रागावणारे. तुम्ही माझ्या टेबलावर नऊ पेट्या ठेवल्यात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर तिथल्या मूळ लोकांशी लढलेल्या घोडदळाच्या एका कॅप्टनची कागदपत्रं, त्याच्या नातवाने दिलेली. बढतीचे हुकूम, नालांच्या मागण्या, बायकोला पत्रं. प्रत्येक पेटीत काय आहे ते सूचीत लिहायचं, एवढंच माझं काम. सहाव्या पेटीत त्याची रोजनिशी निघते. बर्फातल्या एका वस्तीवर हल्ला, तंबू आणि वाळवलेलं मांस जाळलं, बाया मेल्या, पोरं मेली. पकडलेल्या बायकांची नावं त्याने कानाला ऐकू आली तशी लिहिलीत. आणि खाली त्याच शाईत, घोडी लंगडते म्हणून हळहळ. मी हे सगळं सूचीत लिहिलं.

त्या रविवारी तुम्ही शॉमबर्गला घरी जेवायला बोलावलंत. काकू थालीपिठं लावत होत्या.

"सहाव्या पेटीचं हे काय लिहिलंयस?"

"डायरीत आहे तेच, सर."

"आपण कॅटलॉग करतो, न्यायनिवाडा नाही. त्या कॅप्टनच्या घरातला मुलगा आत्ता इराकमध्ये लढतोय. गाडीगाडीवर झेंडे लागलेत. आपल्यासारख्यांनी सध्या यांच्या फौजेबद्दल तोंड उघडायचं नसतं. आणि तुझ्या नोकरीच्या, व्हिसाच्या कागदांवर माझी सही लागणार आहे, विसरू नकोस."

"अहो, जेवू तरी द्या तिला," काकू म्हणाल्या.

मी जेवले. तुम्ही स्वतः दही वाढलंत, आग्रहाने. त्या आग्रहाचा मला अजून राग येतो. सोमवारी सूचीत फक्त 'सरहद्दीवरील मोहिमा' उरलं.

पाच वर्षांनी एक बाई आली. दोन दिवस ट्रक चालवत आलेली, साठीची. तिच्या पणजीला त्या वस्तीतून पकडून नेलं होतं. घरात तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सूचीत बायकांचा उल्लेख दिसेना, म्हणून तिने काउंटरवर विचारलं. असं काही नाही, असं उत्तर मिळालं. ती थँक यू म्हणाली आणि परत गेली. पुढे तुमच्या खुर्चीत बसल्यावर मी पहिल्याच आठवड्यात सूची दुरुस्त केली, नोंदवहीतल्या तिच्या पत्त्यावर त्या नावांच्या पानाची प्रत पाठवली. पाकीट परत आलं. त्या पत्त्यावर आता ती राहत नव्हती.

हा प्रसंग मी दर वर्षी विद्यार्थ्यांना सांगते. त्यात काउंटरवर तुम्ही उभे असता. खरं म्हणजे त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात, माझं ग्रीन कार्डही आलेलं होतं, आणि 'नाही' मी म्हणाले.