हँडल नसलेला फिल्टर

३ मार्च
अंगणातल्या स्विमिंग पूलचा फिल्टर गेला. पंप चालू असताना ह्यांनी हँडल फिरवलं! फिल्टरमधली वाळू धुवायची तर आधी पंप बंद, मग हँडल — हे ह्यांनीच आम्हा सगळ्यांकडून घोकून घेतलेलं. मी पाहिलं तेव्हा हे हँडलपाशी ओलेचिंब उभे. वॉल्व्हला तडा, सगळा गाळ उलटा पूलमध्ये.

"काय करून ठेवलंत हे?"

"चुकलं," म्हणाले. बस्स! एरवी स्वतःची चूक कबूल करतील तर शपथ.

४ मार्च
लेकीचा फोन. सांगायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "बाबा विसरायला लागलेत, आई. आणखी एकदा असं झालं तर घर विकायचं आणि दोघांनी माझ्याकडे यायचं." तिच्याकडे दोन खोल्या, चौथा मजला. मायेनं म्हणते, कळतं मला. पण हे घर सोडून मी कुठेही जाणार नाही.

हे शेजारीच बसले होते. सगळं ऐकत.

७ मार्च
दुकानात गेलो. दुकानदार बोलका. वाळूचा फिल्टर दणकट, वर्षानुवर्षं बघायला नको — पण हँडल आलंच. दुसरा कार्ट्रिजचा. त्याला हँडलच नाही. घड्या घातलेल्या कापडाचं एक नळकांडं असतं, ते काढायचं, पाइपाखाली धुवायचं, परत आत बसवायचं.

मला वाळूचाच हवा होता. हात बसलाय माझा. पण हे हटूनच बसले — "हँडल नको म्हणजे नको." दुकानदाराला म्हटलं, उद्या कळवते.

८ मार्च
कार्ट्रिजचा सांगून टाकला. स्वतःचा भरवसा वाटत नाही म्हणून हँडल नको म्हणत असणार, बिचारे. वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

१२ मार्च
बसवला. पाणी अजून हिरवंच.

१६ मार्च
पाणी निवळलं. सकाळी मनसोक्त पोहले.

लेकीला फोनवर म्हटलं, "काळजी करू नकोस, बाबांना फिल्टरला हात लावू देत नाही." हे ऐकून हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात? अशा वेळी ह्यांचा रागच येतो.

३० मार्च
कार्ट्रिज मीच धुतलं. झाकण घट्ट लावलं, पंप सुरू केला, कपडे वाळत घालायला गेले. हे मागून आले. हातात ओलं कार्ट्रिज.

"अगं, हे आत घालायचं राहिलं."

ह्यांनी पंप बंद केला, झाकण उघडलं, बसवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी हँडलही तूच फिरवलं होतंस. मी आवाज ऐकून धावत आलो. लेकीला काही सांगायचं नाही."

मला आठवत नाही.